नावांचे पान कशासाठी?

बालभारतीचे कोणतेही पाठ्यपुस्तक हातात घ्या आणि धडे सुरू होण्याआधीचे एक पान उघडा. हे पान आपण बहुतेक वेळा न वाचताच उलटतो. विषय समितीत कोण होते, मुखपृष्ठ व चित्रे कोणाची, अक्षरजुळणी कोणी केली, छपाई कोठे झाली, एवढेच काय, कागद कोणता वापरला, हे सारे तेथे छापलेले असते. एक पुस्तक तयार होण्यासाठी किती प्रकारची कामे लागतात ते ह्या एका पानावरून कळते.

आता त्याच पुस्तकात छापलेला काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड पाहा. माढा तालुक्यातील शिक्षकांना त्याची नव्याने ओळख करून द्यायला नको. ह्याच तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत श्री. रणजितसिंह डिसले ह्यांनी पाठ्यपुस्तकांना असे कोड जोडण्याचा प्रयोग केला. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत हे कोड आले आणि २०२० मध्ये श्री. डिसले ह्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पण ह्या चौकोनामागे राबलेल्या इतर माणसांची नावे कोणत्या पानावर सापडतील?

चौकोनामागचे हात

चौकोनाची रचना १९९४ मध्ये जपानमधील डेन्सो उद्योगसमूहात मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवणे हा तिचा मूळ हेतू. कंपनीने पेटंट घेतले, पण ठरलेल्या प्रमाणानुसार वापरणाऱ्यांवर ते बजावायचे नाही असे जाहीर केले. म्हणून आज आपण हा कोड फुकट वापरतो. चौकोनावर शाईचा डाग पडला तरी तो वाचता येतो, ह्याचे श्रेय आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन ह्यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणिती पद्धतीला जाते.

कोड वाचला की आपण 'दीक्षा' ह्या व्यासपीठावर पोहोचतो. ते २०१७ मध्ये सुरू झाले आणि एकस्टेप फाउंडेशनच्या 'सनबर्ड' ह्या सॉफ्टवेअरवर उभे आहे. सनबर्ड मुक्तस्रोत आहे. म्हणजे त्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, घेता येते, बदलता येते. तिचा एमआयटी परवाना बदल्यात फारसे काही मागत नाही. मूळ हक्कदाराच्या नावाची नोंद आणि परवान्याचा मजकूर प्रतीसोबत कायम ठेवा, एवढीच मुख्य अट आहे. सारे काही फुकट, पण नाव पुसायचे नाही!

अशा सॉफ्टवेअरमध्ये अनेक अनोळखी माणसे भर घालतात. मग त्यांच्या कामाची घडी कशी बसवतात आणि कोणाचे किती हे कसे ठरवतात? एका उदाहरणाने पाहू.

चार शाळांची आज्ञावली

समजा, माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णी आणि मोडनिंब येथील चार शाळांनी पर्जन्यमापक बसवले. रोजचा पाऊस मोजायचा आणि महिन्याची सरासरी काढणारी एक छोटी आज्ञावली सर्वांनी मिळून लिहायची. प्रत्येकजण थेट मूळ प्रतीतच खाडाखोड करू लागला तर दोन दिवसांत गोंधळ होईल. म्हणून मूळ प्रत एका ठिकाणी ठेवतात. ज्याला बदल सुचवायचा आहे तो आपल्या प्रतीत बदल करतो आणि पाठवतो. सांभाळणारी एक-दोन माणसे तो तपासतात, शंका विचारतात आणि पटला तर मूळ प्रतीत घेतात. कोणता भाग कोण सांभाळतो हेही लिहून ठेवतात. लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्समध्ये त्यासाठी वेगळी फाइलच आहे.

ह्या कामासाठी टोरवाल्ड्स ह्यांनी २००५ मध्ये 'गिट' हे साधन तयार केले. गिट प्रत्येक बदलाची नोंद ठेवते. तीत बदल लिहिणारा आणि तो मूळ प्रतीत दाखल करणारा अशी दोन वेगळी नावे असतात. निबंध विद्यार्थ्याचा आणि वहीवरची सही गुरुजींची, तसेच हे. एखादी ओळ पुढे चुकीची ठरली तर ती कोणी, केव्हा लिहिली हे लगेच शोधता येते. त्यामुळे नावाची नोंद हा मान आहे, तशीच ती जबाबदारीही आहे. लिनक्समध्ये तर २००४ पासून प्रत्येक बदलाखाली नावाची एक ओळ लिहावी लागते. हा बदल देण्याचा मला अधिकार आहे, अशी ती हमी असते.

जे मोजले जात नाही

येथवर सारे सोपे वाटते. पण आपल्या चार शाळांकडे परत येऊ. महिन्याच्या ३० दिवसांपैकी २५ दिवसांची नोंद झाली, ५ दिवस राहून गेले. नोंदलेला एकूण पाऊस १२५ मिलिमीटर. आज्ञावलीने उत्तर दिले, दिवसाची सरासरी ४.२ मिलिमीटर. मोडनिंबच्या एका मुलीच्या लक्षात आले की काहीतरी चुकते आहे. नोंद नसलेला दिवस म्हणजे पाऊस नसलेला दिवस नव्हे! आज्ञावली रिकाम्या जागेला शून्य समजत होती. बरोबर सरासरी १२५ भागिले २५, म्हणजे ५ मिलिमीटर.

ही चूक कुर्डुवाडीच्या मुलाने एक ओळ बदलून दुरुस्त केली. गिटच्या नोंदीत त्याचे नाव आपोआप आले. मुलीचे आले का? नाही. तिने एक ओळही लिहिली नव्हती. रोज सकाळी मापक पाहणारे, सूचना मराठीत करणारे, वापर कसा करावा ह्याचे टिपण लिहिणारे ह्यांचेही असेच होऊ शकते. ओळी मोजून श्रेय वाटले तर सर्वांत मोलाचे काम कधीकधी शून्य ठरते. रिकाम्या जागेला शून्य समजण्याची चूक मग आपणही करतो.

अनुभवी मंडळींनी ह्यावर उपाय शोधले आहेत. लिनक्समध्ये बदलाच्या नोंदीखाली दोष कळवणारा, चाचणी घेणारा आणि तपासणारा अशा वेगळ्या ओळी लिहितात. सोबत श्रेयनामावलीची एक फाइलही आहे, आणि ती अपुरी असू शकते असे तिच्या सुरुवातीलाच सुचवले आहे. 'ऑल काँट्रिब्यूटर्स' नावाची एक पद्धत तर प्रत्येक नावापुढे कामाच्या प्रकाराचे चित्रचिन्ह लावते. आज्ञावली, भाषांतर, दोष कळवणे, प्रश्नांना उत्तरे देणे, कल्पना सुचवणे, सारे एकाच यादीत येते. एकच व्यक्ती कधी एका नावाने, कधी दुसऱ्या स्पेलिंगने नोंदली जाते. ती नावे जुळवण्यासाठीही गिटमध्ये सोय आहे.

नोंद वेळेवर झाली नाही तर काय होते, ह्याचे उदाहरण 'ओपन सोर्स' ह्या शब्दातच आहे. हा शब्द फेब्रुवारी १९९८ मध्ये क्रिस्टीन पीटरसन ह्यांनी सुचवला. थोड्याच दिवसांत तो जगभर गेला, पण सुचवणारीचे नाव त्याच्याबरोबर तितके गेले नाही. तो शब्द कसा सुचला, हे त्यांनी २०१८ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी, स्वतः सविस्तर लिहिले.

शाळेत काय करता येईल?

आपल्याकडे विज्ञान प्रदर्शनातील प्रतिकृतीच्या फलकावर बहुधा दोन विद्यार्थी आणि एक मार्गदर्शक अशी नावे असतात. प्रत्यक्षात पुठ्ठा आणणारा, मापे घेणारी, तार जोडणारा, तीन वेळा बिघडल्यावर दोष शोधणारी असे अनेक हात त्यामागे असतात. पुढच्या वेळी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी. तिच्यात चार रकाने पुरेत: तारीख, नाव, काय केले, कोणी तपासले. नोंद त्याच दिवशी करावी. शेवटी आठवून लिहिलेल्या यादीत बोलकी मुले राहतात आणि गप्प मुले गळतात. नाव कसे लिहायचे हे ज्याचे त्याला विचारावे. कोणाला नाव नको असेल तर तेही मान्य करावे. यादीचा क्रम अक्षरानुक्रमे ठेवला तर वर कोण, खाली कोण हा वाद उरत नाही.

चार शाळांतल्या त्या मुलीचे नाव अशा वहीत आले तर पुढच्या महिन्यातही ती आकडे तपासायला बसेल. फुकट काम करणाऱ्याला मिळणारी कमाई बहुधा एवढीच असते. आणि तिने आकडे तपासणे सोडले तर पुढची चूक कोणाच्या लक्षात येणार?

२०२० च्या पुरस्काराची रक्कम दहा लाख डॉलर होती. श्री. डिसले ह्यांनी तिच्यातील निम्मी रक्कम अंतिम यादीतील इतर नऊ शिक्षकांना वाटण्याचे जाहीर केले. वाटा देण्यासाठी मन मोठे लागते हे खरेच. पण वाटा कोणाकोणाला द्यायचा हेही ठाऊक असावे लागते. ती नऊ नावे यादीत लिहिलेली होती. आपल्या वर्गातील नावे लिहून ठेवण्यासाठी तर एक साधी वही पुरे.