शनिवार-रविवारची कॉन्टेसा

'द फास्ट अँड द फ्युरियस'चा २००१ चा पहिला भाग आठवतोय? टीव्हीवर शंभरदा लागलेला. त्यात विन डिझेल गॅरेजचं दार उघडतो आणि आत उभी असते १९७० ची काळीकुळकुळीत डॉज चार्जर. वडील आणि मुलाने मिळून बांधलेली. तो म्हणतो, मी ही कधी चालवली नाही, मला हिची भीती वाटते! हा सीन बघून आपल्यापैकी कित्येकांनी मनातल्या मनात एक गॅरेज बांधलं असणार. मग नोकरी लागली, बोईसरच्या एमआयडीसीतली शिफ्ट किंवा पालघरहून चर्चगेटची लोकल नशिबी आली, हप्त्यावर एक शहाणी हॅचबॅक घेतली आणि ते गॅरेज मनातच राहिलं.

पण ताडपत्रीखाली झाकलेली एक लांबलचक गाडी अजूनही कुणाकुणाच्या वाडीत उभी असते. मामांची, आजोबांची, नाहीतर शेजारच्या रिटायर्ड काकांची. पुढे चार गोल हेडलाइट, लांब बॉनेट, मागे तशीच ऐसपैस डिकी. हिंदुस्थान कॉन्टेसा. आपली देशी मसल कार!

आता जाणकार लगेच भुवया उंचावतील, आणि त्यांचं बरोबर आहे. मसल कार म्हणजे मधल्या आकाराच्या गाडीत कोंबलेलं अवाढव्य इंजिन. या प्रकाराची सुरुवात ज्या गाडीपासून झाली असं मानतात, त्या १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओत ६.४ लिटरचं व्ही-एट इंजिन होतं आणि ताकद ३२५ हॉर्सपॉवर. आपली कॉन्टेसा १९८४ मध्ये आली, तीही ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या सत्तरच्या दशकातल्या मॉडेलवर बेतलेली, आणि बॉनेटखाली होतं ॲम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन. पन्नासेक हॉर्सपॉवर! पैलवानाच्या अंगात कारकुनाचं काळीज. पुढे इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठे ती जवळपास ८८ हॉर्सपॉवरपर्यंत पोचली. २००२ मध्ये उत्पादनच थांबलं. पण मागच्या चाकांना जोर देणारी, साडेचार मीटरहून लांब अशी दुसरी देशी गाडी तेव्हा रस्त्यावर सहज दिसत नव्हती. त्यामुळे 'मसल कार' हे नाव तिला लाडाने चिकटलं ते चिकटलंच.

तर अशी गाडी घरच्या घरी, सुट्टीच्या दिवसांत पुन्हा उभी करता येते का? येते. पण ज्या गोष्टीला सगळे घाबरतात ती अवघड नाही, आणि ज्या दोन गोष्टींकडे कुणी बघत नाही त्या जीव काढतात. अवघड इंजिन नाही, बॉस. अवघड आहे पत्रा, आणि अवघड आहेत कागद.

इंजिन? ते सोडा हो

कॉन्टेसाचं पहिलं इंजिन ॲम्बेसेडरचं. नंतरचं इसुझू इंजिन ॲम्बेसेडर १८०० आयएसझेडमध्येही बसवलं होतं. आणि ॲम्बेसेडर २०१४ पर्यंत बनत होती. म्हणजे पिस्टन, रिंगा, गॅस्केट, वॉटर पंप, क्लच प्लेट अशा वस्तूंसाठी कॉन्टेसावाल्याला ॲम्बेसेडरवाल्यांच्या गर्दीत मागे उभं राहून आपलं काम साधता येतं. इंजिनही साधं. कार्बोरेटर, कॉइल, डेल्को, पॉइंट, प्लग. लॅपटॉप जोडायला जागाच नाही. वर्षानुवर्षं बंद असलेलं इंजिन लगेच स्टार्टर मारून बघायचा मोह मात्र आवरा. आधी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या, मग पान्याने हाताने फिरवून बघा. फिरलं तर अर्धी लढाई जिंकलात. नाही फिरलं तर इंजिन खाली उतरवायचं, आणि त्यासाठी आपल्या भागात हात कमी नाहीत.

हा बोईसरचा खरा फायदा. मुंबईतल्या हौशी माणसाला एक बुश वळवून घ्यायला गाव पालथं घालावं लागतं. इथे तारापूर एमआयडीसीच्या आजूबाजूला लेथ, फॅब्रिकेशन, वेल्डिंगची वर्कशॉप्स आहेत. बाजारात न मिळणारा पार्ट नमुन्यावरून बनवून घेणं इथल्या माणसाला नवीन नाही. पंपाचा शाफ्ट वळवणाऱ्याला तुमच्या सस्पेन्शनचा बुश म्हणजे चहा पिता पिता करायचं काम.

जे बनवून घेता येत नाही त्याचं दुखणं वेगळं. पुढची काच, मागचे दिवे, क्रोमच्या पट्ट्या, दाराचे हँडल, काचेभोवतीचं रबर. हे सगळं फक्त कॉन्टेसाचंच, ॲम्बेसेडर इथे कामाला येत नाही. त्यासाठी रविवार घालवून कुर्ल्याचा सीएसटी रोड नाहीतर ग्रँट रोडला उतरून चोर बाजार. म्हणून गाडी घेतानाच अटकळ बांधा. इंजिन गेलेली पण काचा-दिवे-क्रोम शाबूत असलेली कॉन्टेसा ही, इंजिन टकाटक पण दिवे फुटलेल्या कॉन्टेसापेक्षा कधीही बरी.

खारा वारा, आंबट हवा

आता पत्रा. पालघर, केळवे, सातपाटी, चिंचणी, डहाणू... किनारा किती सुंदर! पण मीठ घेऊन येणारा तोच वारा पत्रा खातो. त्यात आपल्याकडे कारखान्यांची हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशातल्या औद्योगिक पट्ट्यांमध्ये सर्वात वरच्या क्रमांकावर होतं. मीठ, आम्लाचा अंश आणि चार महिन्यांची ओल. लोखंडाला आणखी काय हवं?

वरून चकाचक रंग मारलेली गाडी बघून भुलू नका. फ्रिजवरचं मॅग्नेट घ्या, पातळ रुमालात गुंडाळा आणि दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, डिकीचा तळ, पुढच्या काचेखालचा भाग यांवरून फिरवा. जिथे ते पकडत नाही, तिथे रंगाखाली पत्रा नाही, लांबी आहे. मग कार्पेट उचला. पायाखालून जमीन दिसली तर समजा, तुमचा पुढचा वर्षभराचा कार्यक्रम ठरला.

कॉन्टेसाला ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते. बॉडी हाच सांगाडा. दाराखालचा जो पोकळ पत्र्याचा उंबरठा असतो, तोच गाडीचा कणा. तो कुजला तर जॅक लावताच गाडी मधून वाकते आणि दारं लागेनाशी होतात. म्हणून उंबरठा कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा-उभा लोखंडी टेकू वेल्ड करून घेतात, मगच कुजलेला भाग काढतात. इथे एक इशारा. आपल्याकडचा वेल्डर जाड प्लेटवर झकास टाका मारतो, पण गाडीचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ. सलग वेल्ड ओढला की पत्रा जळतो नाहीतर पापडासारखा वाकडा होतो. इथे एक टाका, मग लांब जाऊन दुसरा, थंड होऊ द्यायचं, मग मधे तिसरा. कंटाळवाणं काम आहे. पण इथे घाई केली तर वर कितीही महागडा रंग द्या, दोन पावसाळ्यांत फोड आलेच!

आणि पेट्रोलच्या टाकीला घरी वेल्डिंग करायचं नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण आत वाफ असते. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली घुसायचं नाही, चारही बाजूंना घोडी लावायची. जुन्या ब्रेक लायनरची धूळ फुंकरीने उडवायची नाही, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसायची. हे वाचून बोअर झालं असेल तर सॉरी, पण सोमवारी ऑफिसला जायचंय ना?

रविवारांचा हिशोब

वर्षात रविवार ५२. त्यातले पावसाळ्याचे १७ बाजूला ठेवा, कारण ओल्या हवेत प्रायमर मारणं म्हणजे गंजाला रंगाखाली कोंडून ठेवणं. उरले ३५. लग्नं, दिवाळी, ओव्हरटाइम, 'आज तरी घरी थांब' अशी प्रेमळ धमकी... यांचे दहा धरा. उरले २५. एका रविवारी पाच तास खरं काम झालं तरी वर्षाचे १२५ तास. ऑफिसचे जेमतेम तीन आठवडे!

म्हणून दोन-तीन वर्षांची तयारी ठेवा. बहुतेक प्रोजेक्ट पैशाअभावी नाही, तर उत्साहाच्या भरात फसतात. पहिल्याच महिन्यात सगळी गाडी खोलून नटबोल्ट डब्यांत भरले जातात आणि मग कुठला नट कुठला ते कुणालाच आठवत नाही. सुट्या भागांतल्या गाडीला भंगारवालाही उभ्या गंजक्या गाडीपेक्षा कमी भाव देतो. त्यामुळे एका वेळी एकच सिस्टिम खोला. आधी ब्रेक. मोबाइलवर आधी फोटो, मग पाना. प्रत्येक पुडीवर चिठ्ठी. पावसाळ्यात घरात बसून करायची कामं वेगळी काढा: टेबलावर वर्तमानपत्र अंथरून कार्बोरेटर साफ करणं, वायरिंगच्या जोडण्या तपासणं, सीट शिवायला टाकणं, बंपर क्रोमला पाठवणं. सोसायटीत राहत असाल तर ग्राइंडर दुपारी दोन ते चार चालवू नका. सेक्रेटरीशी भांडण झालं की सगळं रिस्टोरेशन पार्किंगच्या मीटिंगमध्ये अडकतं.

कागद म्हणतात तो पत्रा

सगळ्यात आधी करायचं काम मी मुद्दाम शेवटी सांगतेय, कारण सगळे ते शेवटीच करतात. आरसी बुक बघा. गाडी कुणाच्या नावावर आहे? आजोबा हयात नसतील तर वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ लागतो, विकत घेतली असेल तर फॉर्म २९ आणि ३०. वारसांमध्ये काका-आत्या असतील तर त्यांची संमती हवी. जिच्याकडे पंधरा वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही, ती गाडी रंगवून झाल्यावर अचानक सगळ्यांना 'आमच्या बाबांची गाडी' म्हणून आठवते. म्हणून सह्या गाडी गंजकी असतानाच घ्या!

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, फॉर्म २५ वर. वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी हे शुल्क केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार रुपये केलं. त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. २०१९ च्या १ एप्रिलपूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेटही लावावी लागते. १९८९ पूर्वीचा जुना नंबर असेल तर आधी त्याची नोंद आरटीओच्या 'वाहन' प्रणालीत चढलीय का, ते तपासा. नसेल तर मूळ पुस्तक सांभाळा, जिवापाड. तपासणीत इंजिन आणि चॅसी नंबरची पेन्सिलने छाप घेतली जाते. त्यामुळे गंज काढताना जोशात चॅसी नंबरवर ग्राइंडर फिरवलात तर गाडी सोन्याची करूनही ती कायद्याच्या दृष्टीने कुणाचीच नाही. दुसरं इंजिन बसवायचं किंवा रंग बदलायचा तर तेही आरसीवर चढवावं लागतं.

'व्हिंटेज'ची सवलत मिळेल का? २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी. त्यांना 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीचे २० हजार रुपये, आणि रोजच्या वापराला परवानगी नाही. पहिल्यावहिल्या कॉन्टेसालाही पन्नाशी गाठायला २०३४ उजाडेल. तोवर ती आरटीओच्या लेखी फक्त एक जुनी गाडी. आणि जुन्या गाडीला सरकार दुसरा रस्ताही दाखवतंय: अधिकृत केंद्रात स्क्रॅप करा, सर्टिफिकेट घ्या, नव्या गाडीच्या करात सूट मिळवा. हा पर्याय वाईट नाही. उंबरठा, फ्लोअर आणि पुढची काच तिन्ही गेलेलं असेल आणि कागदही नसतील, तर मन घट्ट करून हाच घ्या. सगळ्याच गाड्या वाचत नाहीत.

पहिली फेरी

समजा वाचली. मग पेट्रोल भरण्याआधी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा बदला. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ऐंशीच्या दशकातलं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. इथेनॉल ओल ओढतं, म्हणून टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने साठवून ठेवू नका. थर्ड पार्टी विमा काढा, पीयूसी घ्या.

आणि मग पालघर-मनोर रस्ता. वाघोबा खिंडीचा चढ जुन्या रेडिएटरची परीक्षा घेतो, हॅचबॅकमध्ये जाताना तो जाणवतही नाही. पहाटे निघा, सोबत पाच लिटर पाणी, फॅन बेल्ट, पाने आणि फोन उचलणारा एक मित्र ठेवा. डोळे रस्त्यावर, अधूनमधून टेम्परेचरच्या काट्यावर. खिंड चढूनही काटा मध्यावर राहिला, तर मनोरला थांबून चहा. वर सरकला, तर गाडी सावलीत बाजूला घ्या, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा. रेडिएटरची टोपी मात्र अर्धा तास तरी उघडू नका.