ओस पडलेल्या बराकी



ओस पडलेला किल्ला पाहावयास आपण हौसेनें जातों. ओस पडलेली बराक पाहावयास मात्र मुद्दाम कोणी जात नाहीं. किल्ल्याला बखर असते, पोवाडा असतो. बराकीच्या नांवानें असतो तो केवळ एक आंकडा. तरीहि पाहणाऱ्यानें डोळे उघडे ठेविले, तर या निनांवी भिंतीहि पुष्कळ कांहीं सांगतात.

आपण एखाद्या जुन्या बराकीपाशीं उभे आहों असें समजा. आंत पाऊल टाकण्यापूर्वीं छपराचे वासे कुजलेले नाहींत ना, हें पाहून घ्यावें. मग जोत्याकडे पाहावें. तें जमिनीपासून चांगलें उंच असतें. दालन लांबच लांब, परंतु रुंदीला बेताचें, दोन्ही लांब भिंतींना समोरासमोर खिडक्या, बाहेर ओसरी, स्वयंपाकघर व शौचकूप निराळे, अंतरावर, आणि दोन बराकींमध्यें मोकळी जागा. हा सारा थाट शोभेसाठीं नव्हे. त्याच्यामागें मृत्यूचा हिशेब आहे.

हिंदुस्थानांतील गोऱ्या पलटणींच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठीं १८५९ सालीं इंग्लंडांत एक शाही आयोग नेमण्यांत आला. त्याचा अहवाल १८६३ सालीं बाहेर पडला. त्यांतून उघड झालें कीं, हजारांमागें ६९ शिपाई दरसाल मरत होते, आणि लढाईपेक्षां ताप, हगवण व पटकी यांचेच बळी अधिक होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं हिंदुस्थानांत कधींहि पाऊल न ठेवतां छावणीछावणींतून आलेली लेखी माहिती तपासली, आणि दालनांतील दाटी, कोंडलेली हवा, दूषित पाणी व तुंबलेला मैला यांवर नेमकें बोट ठेविलें. उंच जोतें आणि समोरासमोरच्या खिडक्या यांचें मोल तेव्हांपासून लष्करी बांधकामांत विशेष मानलें जाऊं लागलें.

परंतु बराकींत माणसांची मोजदाद असते, घर नसतें. याचा पडताळा आपल्या जवळच मिळाला. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणनजीक सैन्याचा एक विस्तीर्ण तळ उभारण्यांत आला होता. त्यांत २,००० हून अधिक बराकी होत्या. १९४५ सालीं युद्ध संपलें, फौजा निघून गेल्या आणि तळ ओस पडला. पुढें दोनच वर्षांनीं देशाची फाळणी झाली, आणि सिंधमधून घरदार सोडून आलेलीं सुमारे एक लाख माणसें या रिकाम्या बराकींत येऊन उतरलीं.

शिपायाला खाट व खुंटी पुरते. कुटुंबाला चूल लागते, देवाला कोनाडा लागतो, बाळंतिणीला आडोसा लागतो. यांतलें कांहींएक त्या दालनांत नव्हतें. लोकांनीं मध्यें आडपडदे लावले, पुढें भिंती घातल्या, आणि पलटणीच्या एका दालनाचीं अनेक बिऱ्हाडें झालीं. ज्या मोकळ्या जागा हवेसाठीं सोडलेल्या होत्या, त्यांतहि हळूहळू खोल्या उठल्या. निवारा मिळाला; परंतु पूर्वीं ज्या दाटीला भिऊन ती रचना केली होती, ती दाटी नाइलाजानें परत आली.

ऑगस्ट १९४९ मध्यें गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें तेथें कोनशिला बसविण्यांत आली, आणि कल्याण कँपाचें उल्हासनगर झालें. आज कित्येक बराकींच्या जागीं मजल्यांवर मजले चढले आहेत. तरी तेथील अनेक पत्त्यांत अद्याप बराकीचा नंबर लिहिला जातो. शिपायांच्या सोयीसाठीं घातलेला तो आंकडा आतां एखाद्या आजीबाईच्या घरचा पत्ता झाला आहे. पोस्टमन त्यावरूनच तिचें दार शोधतो.

म्हणून एखादी ओस बराक दृष्टीस पडली, तर तिची बांधणी कोणासाठीं झाली, एवढेंच विचारून थांबूं नये. फौज गेल्यावर तेथें कोण आलें, हेंहि विचारावें.