अंगणातील राजवृक्ष : आरग्वध

आरग्वध, राजवृक्ष, कृतमाल, चतुरंगुल अशा नामांनी संहितांत गौरविलेला वृक्ष म्हणजे आपला बहावा. चरकाचार्यांनी मृदू विरेचन द्रव्यांत त्यास अग्रस्थान दिले असून कल्पस्थानाचा आठवा अध्याय केवळ त्यालाच वाहिला आहे. बालक, वृद्ध, क्षीण व सुकुमार रुग्णांस तो विशेष हितकर होय. तथापि, आपण नित्य वापरतो तो मगज बहुधा बाजारातून येतो. शेंग केव्हा तोडली, किती काळ साठविली, हे आपणांस ठाऊक नसते. म्हणूनच हा वृक्ष वैद्याच्या अंगणात असावा, असे आम्हांस वाटते.

यवतमाळलगतच्या लोहारा परिसरासारख्या उष्ण, कोरड्या प्रदेशात हे सहज साध्य आहे. जिल्ह्यातील सागाच्या पानगळी वनांत बहावा मूळचाच आहे. निचऱ्याची मुरमाड जमीन त्यास मानवते. काळ्या जमिनीत मात्र पाणी साचणार नाही असा उंचवटा निवडावा. झाड 10 ते 15 मीटर वाढते, म्हणून भिंतीपासून 5-6 मीटर अंतर राखावे.

बियांचे कवच अतिशय कठीण असते. वनात अस्वले, कोल्हे, माकडे शेंगा खातात व बीजप्रसार करतात. आपण बी कानशीने किंचित घासून 24 तास पाण्यात भिजवावे व पिशवीत पेरावे. सोटमूळ लवकर खोल जाते, त्यामुळे रोप पावसाळ्याच्या आरंभीच, मुळे न दुखविता लावावे. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे. पिवळसर फुलपाखरांच्या अळ्या पाने खातात. नवी पालवी पुन्हा फुटते. औषधी वृक्षावर विषारी फवारणी करू नये.

फुलोऱ्यासाठी मात्र काही वर्षे धीर धरावा लागतो. वैशाखात पर्णहीन फांद्यांवर सुवर्णघोस झुलू लागतात, तेव्हा आदल्या वर्षीच्या काळ्या शेंगाही कित्येकदा झाडावरच असतात. त्यांतील पक्व, वजनदार शेंगा घेऊन सात दिवस वाळूत ठेवाव्यात, नंतर उन्हात वाळवून मगज काढावा व स्वच्छ पात्रात साठवावा, असा चरकोक्त विधी आहे. शेंग आपल्या हातची असेल तरच तो यथार्थ पाळता येतो.

शोभेसाठी गुलमोहर लावणाऱ्यांस आमचा विरोध नाही. परंतु शोभा व औषध एकाच वृक्षात लाभत असता, येत्या पावसाळ्यात प्रत्येक वैद्यबंधूने चिकित्सालयाच्या आवारात एक तरी आरग्वध लावावा, ही आमची नम्र विनंती.