पुसल्याची खबर

जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवायला एक छोटा स्क्रूड्रायव्हर आणि पंधरा मिनिटं पुरतात. पण नुकती बसवलेली एसएसडी म्हणजे मोकळं माळरान. तिच्यावर गट पाडायचे, त्यांना नंबर द्यायचे, कुठला तुकडा कोणाच्या नावावर आहे याचं दप्तर उघडायचं, मगच ती वापरता येते. हे दप्तर म्हणजे फाइल सिस्टिम, आणि ते उघडण्याला आपण ‘फॉरमॅट मारणं’ म्हणतो. हे काम नीट करायचं तर आधी जमिनीचा स्वभाव ओळखावा लागतो.

एसएसडीची जमीन आहे फ्लॅश मेमरी. तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ साली जगापुढे मांडली आणि १९८७ साली तिचा नॅन्ड हा प्रकार आला. आजच्या एसएसडी त्याच नॅन्डच्या असतात. एका झटक्यात सगळं पुसलं जातं, ते पाहून मासुओकांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला. नाव तिथून पडलं. या मेमरीची मेखही त्या नावातच आहे. लिहिताना ती काही केबींच्या एकेका पानावर लिहिते, पण पुसताना शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक पुसते. पाटीवरचं एक अक्षर खोडून तिथेच दुसरं लिहिण्याची सोय नाही. शिवाय दर पुसण्याला मेमरीची पेशी थोडी झिजते. म्हणून एसएसडीतला कंट्रोलर बदललेला मजकूर दुसऱ्या कोऱ्या पानावर लिहितो, जुनं पान बाद करतो आणि सवडीने ब्लॉकमधली कामाची पानं हलवून तो ब्लॉक पुसून घेतो.

अडचण इथेच सुरू होते. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा फाइल सिस्टिम फक्त दप्तरातली नोंद काढते. डिस्कला त्याचा पत्ताच नसतो. हार्ड डिस्कचं त्यावाचून काही अडत नव्हतं. नवं लिहायची वेळ आली की ती जुन्यावरच लिहायची. एसएसडी मात्र त्या मेलेल्या पानांना जिवंत समजून इकडून तिकडे वाहत राहते. वेग मंदावतो, झीज वाढते. त्यावरचा उपाय म्हणजे ट्रिम: ‘ही जागा आता कोणाची नाही’ असं फाइल सिस्टिमने डिस्कला कळवणं. विंडोज ७ मध्ये ही सोय २००९ साली आली, लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइल सिस्टिममध्ये २०१० साली.

आता प्रत्यक्ष काम. आधी पार्टिशन. विंडोज एक्सपीच्या काळात पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं, म्हणजे ३२,२५६ बाइटवर. या आकड्याला ४,०९६ ने पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे फाइल सिस्टिमचा चार केबीचा ब्लॉक दोन पानांवर अर्धामुर्धा पसरायचा आणि एका लिखाणाला दोन पानं खर्ची पडायची. आजची साधनं २,०४८व्या सेक्टरपासून, बरोबर एक एमबीवर, सुरुवात करतात. बांध पहिल्यापासून सरळ असला की पुढचे सगळे गट आपोआप सरळ पडतात.

मग लिनक्सची एमकेएफएस ही कमांड. २५० जीबीच्या एसएसडीवर एक्स्ट४ चढवताना ती सगळ्यात आधी संपूर्ण जागा मोकळी असल्याचं डिस्कला कळवते. त्यानंतर चार केबीचे सुमारे ६ कोटी १० लाख ब्लॉक धरते आणि १२८ एमबीचा एक याप्रमाणे साधारण १,८६० गट पाडते. दप्तराचं मुखपृष्ठ म्हणजे सुपरब्लॉक. त्याच्या नकला १, ३, ५, ७ आणि पुढच्या ठरावीक क्रमांकांच्या गटांत ठेवल्या जातात. मूळ पान खराब झालं तर नकलेवरून दप्तर उभं करता येतं. पाच टक्के जागा राखीव राहते. एवढा पसारा काही सेकंदांत मांडून होतो, कारण डिस्कभर कुठे काही लिहावं लागत नाही. लिहायचं असतं ते फक्त दप्तर.

नंतरची निगा थोडकी आहे. प्रत्येक डिलीटसरशी ट्रिम पाठवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा एफएसट्रिम ही कमांड चालवणं पुरतं. उबंटूसारख्या प्रणालीत ते मुळातच लावलेलं असतं. फाइल नुसती वाचली तरी तिची वेळ नोंदवायची सवय ‘नोएटाइम’ या पर्यायाने बंद करता येते. फ्लॅशचा स्वभाव ओळखूनच घडवलेली एफ२एफएसही आहे. सॅमसंगमध्ये तयार झालेली ही फाइल सिस्टिम २०१३ साली लिनक्समध्ये आली आणि आज अनेक अँड्रॉइड फोनमध्ये आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. हार्ड डिस्कवरून चुकून उडालेले लग्नाचे फोटो पुष्कळदा परत मिळत, कारण नोंद गेली तरी मजकूर जागेवर असायचा. ट्रिम झालेल्या एसएसडीवर ती आशा धरू नये. तिला आपण जागा मोकळी झाल्याचं कळवलेलं असतं आणि ती ते खरं मानून पाटी कोरी करते. म्हणून फॉरमॅट मारून झाला की त्याच दिवशी दुसऱ्या डिस्कवर बॅकअप लावावा. नवी एसएसडी बसवण्याचं काम तिथे पूर्ण होतं.