दिव्यांग मूल आणि महापूर (लेखांक ४) : धोक्याआधीचे चार फूट

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे, हे कोल्हापुरात चहाच्या गाड्यावरही ठाऊक असतं. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांपलीकडे गेलं, २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर. माझं म्हणणं एवढंच, की ज्या घरात दिव्यांग मूल आहे त्या घरासाठी ३९ हाच धोक्याचा आकडा धरावा. घरच्यांनी धरावा आणि प्रशासनानंही. चिखली-आंबेवाडीचे शेतकरी दारात पाणी यायच्या आत जनावरं हलवतात, कारण म्हैस नावेत चढवता येत नाही. ही तुलना कुणाला झोंबेल, पण हिशेब तोच आहे : ज्याला हलवायला वेळ लागतो, त्याला आधी हलवावं. सेरेब्रल पाल्सीचं मूल मान सावरू शकत नसेल, तर डुलत्या नावेत त्याला धरायला एक माणूस पूर्ण गुंततो, आणि व्हीलचेअर मागेच राहते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली; तिथं धडधाकट माणसांचाही निभाव लागला नाही. फिट्सच्या गोळ्या अचानक चुकल्या तर झटके पुन्हा उसळू शकतात, म्हणून पिशवीत कपड्यांआधी गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हवी. पूरग्रस्तांना ठेवलेल्या शाळेच्या हॉलमधला शंभर माणसांचा गलका स्वमग्न मुलाला अनेकदा सोसत नाही. रिक्षावरच्या भोंग्यातली सूचना कर्णबधिर मुलाला ऐकूच येत नाही.

यावर कुणी म्हणेल, ‘दरवेळी ३९ ला निघालो आणि पाणी उतरलं, तर रोजगार बुडतो.’ खरं आहे, आणि हातावर पोट असलेल्या घराला ही किंमत हलकी नाही. म्हणून ती एकट्या घरावर टाकू नये. इशारा पातळीलाच प्रत्येक भागात एक तळमजल्यावरचं, रॅम्प आणि जनरेटर असलेलं निवारा केंद्र उघडावं. शिवाय २०२१ च्या जुलैत पाणी इतक्या झपाट्यानं चढलं, की ‘आणखी बघू’ म्हणायला उसंत उरली नव्हती. दुसरा आक्षेप असा, की दिव्यांगांची नोंद सरकारकडे आहेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं आठवं कलम जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला अशी नोंद ठेवायला आणि या लोकांना धोक्याची सूचना द्यायला सांगतं. पण प्रमाणपत्रावर टक्के असतात. मूल कितव्या मजल्यावर राहतं, त्याला उचलणारं घरात कोण, घशातला कफ ओढणाऱ्या सक्शन मशीनला वीज किती वेळ लागते, हे त्यात नसतं. ही माहिती सरकारी फायलीत नको असं वाटणारे पालक असतील, तर त्यांची भीती वावगी नाही. पण यावर वाट आहे. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीत दिव्यांगांचा मृत्युदर इतरांच्या सुमारे दुप्पट होता. तिथं २०१३ मध्ये कायदा बदलून नगरपालिकांवर मदत लागणाऱ्यांच्या याद्यांची सक्ती झाली. संकट नसताना ही यादी शेजारच्या कार्यकर्त्यांना द्यायची तर सहसा यादीतल्या माणसाची संमती लागते. आपल्याकडे हे काम विशेष शाळांच्या जूनमधल्या पालकसभेत सहज होईल : प्रत्येक मुलाचा एक कागद, पालकांची सही, एक प्रत शाळेत, एक तलाठ्याकडे किंवा वॉर्ड कार्यालयात आणि एक नावेवर जाणाऱ्या पथकाच्या हातात. पूर बहुधा जुलै-ऑगस्टात येतो. कागद भरायला महिना मिळतो.