औषधाचे स्थैर्य आणि रोग्याचे हित

पेटंटचा खटला हा वकिलांचा आणि रसायनज्ञांचा विषय. आपल्यासारख्यांचे तेथे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या खटल्यावर महिन्याचे औषध १,२०,००० रुपयांच्या घरात पडणार की दहा हजारांच्या आसपास, हे अवलंबून होते, तो आपलाच खटला होय.

नोव्हार्टिस या स्विस कंपनीचे ग्लिव्हेक हे एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावरील औषध. त्यातील मूळ द्रव्य इमॅटिनिब. त्याच्या मेसिलेट क्षाराचा ‘बीटा’ नावाचा स्फटिक आपण शोधला, म्हणून कंपनीने १९९८ साली भारतात पेटंट मागितले. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननेही त्यास हरकत घेतली. २००६ साली चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला, २००९ साली अपील मंडळानेही पेटंट नाकारले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

कंपनीचा पुरावा काय होता? हा स्फटिक अधिक स्थिर आहे, हवेतला ओलावा कमी शोषतो, त्याची भुकटी सुरळीत वाहते. हे गुण खोटे नव्हेत. सर्द हवेत औषध टिकावे, गोळी पाडताना यंत्र अडू नये, हे कारखान्याच्या व कोठाराच्या दृष्टीने महत्त्वाचेच. पण कायद्याचा प्रश्न निराळा होता. २००५ साली दुरुस्त झालेले कलम ३(ड) विचारते : माहीत असलेल्या द्रव्याचे हे नवे रूप असेल, तर त्याची गुणकारिता वाढली काय?

१ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी निकाल दिला : औषधाची गुणकारिता म्हणजे रोग बरा करण्याची शक्ती. स्थैर्याचे आकडे औषध किती टिकेल हे सांगतात. रोगी किती बरा होईल, हे सांगत नाहीत.

उरला एक आकडा. हे औषध रक्तात ३० टक्के अधिक उतरते, असे कंपनीचे म्हणणे. परंतु ही तुलना होती मुक्त इमॅटिनिबशी, आणि प्रयोग उंदरांवरचा. तुलना व्हावयास हवी होती आधीच ज्ञात असलेल्या मेसिलेट क्षाराशी. शिवाय रक्तात अधिक उतरले म्हणजे गुण अधिक आलाच, असेही नव्हे. तो संशोधनाने सिद्ध करावा लागतो. अपील फेटाळले गेले.

वेतनाच्या वाटाघाटींत मालक म्हणतो, उत्पादन तीस टक्क्यांनी वाढले, तेव्हा कामगार विचारतो : कोणत्या वर्षाच्या मानाने? आणि वाढले ते कोणाच्या पदरात पडले? सर्वोच्च न्यायालयाने वेगळे काय विचारले? आकड्यापुढे माना तुकवू नका. हे दोन प्रश्न विचारा. ते विचारण्यास पदवी लागत नाही.