मैदानाचा राखणदार, पियानोचा कलावंत

शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर जिमी यान्सी यांनी १९२५ ते १९५० अशी पंचवीस वर्षे गवत राखले. हेच यान्सी ब्लूज पियानोचे थोर कलावंत! ब्लूज म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचे गाणे. यान्सींच्या डाव्या हाताचा ठेका संथ, पण एकसुरी कधीच नाही. त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण १९३९ सालचे. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पत्नी एस्टेल गायल्या, यान्सींनी साथ केली. तरी मैदानावरची हजेरी चालूच होती!

आणि मैदान तरी कोणाचे? त्या पंचवीस वर्षांत तिथल्या व्हाइट सॉक्स संघात एकही काळा खेळाडू नव्हता. पहिला, क्यूबाचा मिनी मिन्योसो, मे १९५१ मध्ये आला. त्याच सप्टेंबरात यान्सींचे निधन झाले.